काखेतील स्वॅबमध्ये आढळलेली बुरशी

प्रश्न : माझे ७१ वर्षांचे वडील अतिदक्षता विभागातून नुकतेच घरी आले. त्यांच्या काखेतील स्वॅबमध्ये ‘कॅन्डिडा ऑरिस’ आढळले, पण डॉक्टरांनी त्यावर औषध दिलेले नाही. घरात लहान मुले आहेत. वडिलांना वेगळे ठेवावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वडिलांना वेगळ्या खोलीत ठेवण्याची मुळीच गरज नाही. नातवंडांना त्यांच्याजवळ खुशाल बसू द्यावे. ही यीस्टसारखी बुरशी निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही. तिचा खरा धोका असतो तो रुग्णालयात दीर्घकाळ राहिलेल्या, शिरेत किंवा मूत्रमार्गात नळी असलेल्या आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना.

औषध दिले नाही, याचा अर्थ हयगय झाली असा नव्हे. बुरशी त्वचेवर नुसती वस्तीला असणे आणि तिने रक्तात शिरून आजार निर्माण करणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत औषध देत नाहीत. दुसरीत मात्र, नेहमीच्या फ्लुकोनॅझोलला ही बुरशी बहुधा दाद देत नसल्यामुळे, कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिनसारखे औषध शिरेतून द्यावे लागते, आणि त्यांनाही न जुमानणारे प्रकार आढळू लागल्यामुळे ती राखूनच वापरणे शहाणपणाचे ठरते.

जपानमधील एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या या बुरशीची पहिली नोंद २००९ साली झाली. २०१३ मध्ये दिल्लीतील रुग्णांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वाधिक प्राधान्याच्या बुरशींत स्थान दिले. एवढ्या चिंतेचे कारण असे, की ती खाटेच्या कठड्यावर किंवा रक्तदाबाच्या पट्ट्यावर कित्येक आठवडे टिकते आणि तेथून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते.

घरी साबणाने हात धुण्याची शिस्त मात्र कसोशीने पाळावी. जखमेची पट्टी बदलताना किंवा लघवीची पिशवी रिकामी करताना हातमोजे घालावेत आणि ते काढल्यावरही हात धुवावेत. शौचालय व वारंवार हात लागणाऱ्या जागा क्लोरीनयुक्त ब्लीचच्या पातळ द्रावणाने पुसाव्यात. ब्लीच दुसऱ्या कोणत्याही द्रावणात मिसळू नये.

त्वचेवरील ही वस्ती अनेक महिने राहू शकते. म्हणून तो अहवाल फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावा आणि पुढे कोणत्याही रुग्णालयात किंवा डायलिसिस केंद्रात जाण्याचा प्रसंग आला, तर दाखल होण्यापूर्वीच तेथे कळवावे. शेजारच्या खाटेवरील रुग्णासाठी ही माहिती अत्यंत मोलाची असते. वडिलांना थंडी वाजून ताप आला, तर अंगावर न काढता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि या अहवालाची आठवण करून द्यावी.