बाथरूमचा एक्झॉस्ट: आधी भोक कुठे ते ठरवा

पंखा कुठलाही घ्या, हवा थेट घराबाहेर गेली पाहिजे. माळ्यावर सोडलीत तर कौलांखालचे वासे-रिपा ओलसर राहून कुजतात. ही चूक सर्रास होते. लहान बाथरूमला 6 इंची (150 मिमी) पंखा पुरतो. भोक शक्यतो नैऋत्येच्या भिंतीत नको, पावसाळ्यात झड तिथेच बसते. पाइप लावलात तर त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, नाहीतर आत जमलेलं पाणी मोटरवर उतरतं. बाहेरच्या टोकाला खाली तोंड असलेलं झाकण हवंच.

- स्क्रू स्टेनलेसचे, पंखा प्लास्टिक बॉडीचा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही.
- दाराखाली बोटभर फट ठेवा. हवा आतच आली नाही तर बाहेर काय जाणार?
- स्विच बाथरूमबाहेर. वायर जोडताना मेन बंद.