मिनी घ्या, पण गंगाजळी मोडून नको

प्रश्न (ब्रिटनमधल्या कॉव्हेन्ट्रीहून): अकरा वर्षं इथे नोकरी करतोय, वय 44. बँकेत 31,000 पौंड आहेत, भारतात 18 लाखांची एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) ठेव. शर्यतीसाठी तयार केलेली 1965 ची मिनी कूपर एस 42,000 पौंडांना मिळतेय. ठेव मोडून घेऊ का? जुन्या मिनींचे भाव वाढताहेत, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना? घरकर्जाच्या ठरलेल्या व्याजदराची मुदत पुढच्या वर्षी संपतेय.

उत्तर: नाही, ही गुंतवणूक नाही. हौस आहे. हौसेला माझी अजिबात हरकत नाही, फक्त तिचे पैसे हौसेच्या खात्यातून जावेत.

ज्या मिनींच्या भावाच्या बातम्या तुम्ही वाचता, त्या वेगळ्या. मूळ इंजिन, मूळ बॉडी, पहिल्या मालकापासूनचे कागद, अशा गाड्यांना संग्राहक पैसे मोजतात. तुम्ही पाहिलेल्या गाडीत रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) वेल्ड केलाय, आतलं सगळं उपसून काढलंय, 1275 सीसीचं इंजिन बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून 1293 केलंय. मूळपणा तिथेच संपला. आता तिची किंमत ठरते ती एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचं ओळखपत्र, चालू आहे का आणि इंजिन शेवटचं कधी उघडलं यावर. गिऱ्हाईकही मोजकंच, तुमच्यासारखं शर्यतवेडं. त्या काळात खरोखर शर्यतीत धावलेली गाडी असेल तर गोष्ट निराळी. जॉन लव्ह या शर्यतचालकाने 1962 ची ब्रिटिश सलून कार स्पर्धा मिनी कूपरमध्येच जिंकली होती. विक्रेता असा काही इतिहास सांगत असेल, तर कागद मागा.

खरा खर्च गाडी दारात आल्यावर सुरू होतो. जागा वाचवायला मिनीचे रचनाकार इसिगोनिस यांनी 1959 च्या मिनीत गिअरबॉक्स इंजिनच्या पोटाखाली, त्याच तेलात ठेवला. चौघांच्या कुटुंबाला बाजारात न्यायला ही अफलातून युक्ती. शर्यतीत मात्र गिअरचा एक दाता तुटला की त्याचा कीस तेलातून इंजिनच्या बेअरिंगपर्यंत जाऊ शकतो, आणि बिल दोन्हींचं येतं. शिवाय पट्टे, सीट, अग्निशामक यांना मुदत असते. गाडी वर्षभर गॅरेजमध्ये झाकून ठेवली तरी ती संपतेच. टायर, प्रवेश फी, सरावाचे दिवस, ट्रेलर हे वेगळंच. रस्त्याचा विमा ट्रॅकवर चालत नाही. माझा ठोकताळा असा: गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा, म्हणजे आठ-साडेआठ हजार पौंड, दरवर्षी पगारातून काढता येत नसतील तर मालकीच्या फंदात पडू नये.

कराचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये खासगी मोटार विकून झालेल्या नफ्यावर सहसा भांडवली नफा कर लागत नाही. पण त्याच न्यायाने तोटाही कुठे वजा करता येत नाही. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ असतो. वार्षिक एमओटी तपासणीची सूट मात्र गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठे बदल झाले असतील तर मिळत नाही. ही मिनी त्यात अडकू शकते.

आणि ती ठेव. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण अकरा वर्षं ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला ते ब्रिटनच्या कर विवरणपत्रात दाखवावं लागतं. दाखवत नसाल तर मिनीचं नंतर बघू, आधी ते निस्तरा. ठेव मोडून गाडी घेतलीत तर हातात जेमतेम काही हजार पौंड उरतील, आणि नेमका तेव्हाच कर्जाचा नवा हप्ता येईल. हे मला पटत नाही. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. (वहिनींना हा आकडा सांगितलाय का? पत्रात त्यांचा उल्लेखच नाही.)

मी असं करेन. आधी एआरडीएसची (शर्यतचालकांच्या प्रशिक्षण शाळांच्या संघटनेची) परीक्षा देऊन शर्यतीचा परवाना काढीन. सिल्व्हरस्टोनचा शर्यतीचा ट्रॅक तुम्हाला तासाभरावर आहे. मग एक हंगाम भाड्याची गाडी चालवीन. गाडी, मेकॅनिक, टायर सगळं भाड्याने देणाऱ्यांचं. आपण हेल्मेट घेऊन जायचं. एका शर्यतीचा आकडा डोळ्यांत भरतो, पण त्याला वरची मर्यादा असते. फक्त गाडी आपटली तर किती भरायचं, ते करारात आधी वाचा. दुसरा मार्ग भागीदारीचा. दोन चालकांच्या ऐतिहासिक शर्यती तिथे होतातच; निम्मी किंमत, निम्मा खर्च. त्यातही अपघाताचं बिल कोणी भरायचं हे लेखी हवं, मित्र कितीही जवळचा असो.

कर्जाचा नवा दर ठरल्यावरही हीच मिनी डोक्यात असेल, तर विक्रेत्याकडे इंजिनच्या कामाचं बिल मागा. दोन हंगाम ते उघडलेलं नसेल, तर नव्या बांधणीचा खर्च 42,000 मधून वजा करा आणि मगच भावाचं बोला.