सहानुभूती, समानुभूती आणि कळवळणं

एका वाचकाने विचारलं आहे : “कथेबद्दल लिहिताना ‘ही सहेतुक आणि समानुभूतीने लिहिलेली कथा आहे’ असं मी लिहिलं. मित्राचं म्हणणं, ‘समानुभूती’ हा शब्दच मराठीत नाही, सरळ ‘सहानुभूती’ लिही. कोण बरोबर?”

व्याकरणाच्या बाजूने मित्राची हरकत टिकत नाही. सम + अनुभूती = समानुभूती, साधा दीर्घ संधी. (‘समान’ धरून संधी केला तर ‘समानानुभूती’ होईल, आणि ते म्हणताना जीभ अडखळेल.) शब्द नवा आहे, पण घडण नियमाला धरून आहे आणि मानसशास्त्रावरच्या मराठी लेखनात तो आता चांगला रुळलाय.

खरा प्रश्न वेगळाच. ‘सहानुभूती’ असताना हा दुसरा शब्द लागलाच का? सह + अनुभूती म्हणजे सोबतीने अनुभवणं. अर्थाने हा शब्द नेमका तेच सांगतो जे ‘समानुभूती’कडून आपल्याला हवं आहे. पण वापराने तो झिजला. अर्जाच्या शेवटची ओळ आठवा : ‘तरी माझ्या विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.’ (समासात ‘ति’ ऱ्हस्व, हे जाता जाता.) इथे एकजण खाली उभा आहे, एकजण वर खुर्चीत. निवडणुकीत सहानुभूतीची लाट येते, उमेदवार सहानुभूती मिळवतो, पुढारी सहानुभूती व्यक्त करतात. दाखवणं, मिळवणं, व्यक्त करणं ही क्रियापदं ज्या नामाला चिकटतात ते नाम देण्याघेण्याची वस्तू झालेलं असतं. सोबतीने अनुभवणं त्यात उरत नाही.

ज्या इंग्रजी शब्दासाठी ‘समानुभूती’ घडवली त्या ‘एम्पथी’चं वयही फार नाही. जर्मनमध्ये रॉबर्ट फिशर याने १८७३ साली ‘आइनफ्यूलुंग’ (शब्दशः, आत शिरून अनुभवणं) हा शब्द कलेच्या संदर्भात वापरला, पुढे तत्त्वज्ञ थिओडोर लिप्स याने त्यावर सविस्तर लिहिलं, आणि १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ टिचनर याने त्याला ‘एम्पथी’ हा इंग्रजी प्रतिशब्द दिला. लिप्सचं एक उदाहरण दोरीवरून चालणाऱ्या कसरतपटूचं आहे : तो वर चालतो आणि खाली बसलेल्या आपल्याला आपणच दोरीवर असल्यासारखं वाटतं. म्हणजे आज सगळीकडे दवाखान्याच्या आणि समुपदेशनाच्या भाषेत भेटणारा हा शब्द मुळात कलेच्या अंगणातला. त्यामुळे कथेच्या संदर्भात तो वापरणं ही उसनवारी नाही, घरवापसी आहे.

आपल्याकडच्या काव्यशास्त्रातही याला शब्द आहे, फक्त तो वाचकासाठी आहे : सहृदय. संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताच्या मते, काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालाय आणि म्हणून वर्णिलेल्या विषयाशी जो तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. मराठीत मात्र ‘सहृदय’ म्हणजे नुसता दयाळू असं होऊन बसलंय. सहानुभूतीसारखीच याचीही घसरण दयेकडेच झाली. ही उतरण आपल्या भाषेत कुठेतरी आहेच.

तरी ‘समानुभूती’बद्दल माझी एक कुरकुर आहे, ‘सम’ या अक्षरांबद्दल. लेखकाला पात्राच्या ‘समान’ अनुभूती येत नसते. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ ही म्हण तर तो दावा मुळातच फेटाळते. म्हणून कथा लिहिणाऱ्यांशी बोलताना मला एक क्रियापद जास्त कामाचं वाटतं : कळवळणं. पोटात दुखणारं मूल कळवळतं, आणि त्याच्याकडे पाहणारी आईही कळवळते. ज्याला दुखतंय त्याला आणि जो पाहतोय त्याला मराठी इथे एकच क्रियापद देते. दुखणं मात्र एकच आहे असं म्हणत नाही. (त्यातून तयार झालेलं नाम ‘कळवळा’ मात्र सांभाळून. ‘तुला फारच कळवळा आलाय’ म्हणताना भांडण सुरू झालेलं असतं.)

प्रत्यक्ष वाक्यात हा फरक कसा दिसतो ते पाहा. एक :

“नोकरी गेलेला बिचारा दिगंबर रोज डबा घेऊन घराबाहेर पडे आणि दिवसभर बागेत बसून राही.”

दोन :

“साडेपाच. अजून अर्धा तास. आत्ता गेलं तर ‘आज लवकर कसे?’ हे येणारच. दिगंबरने रिकामा डबा पिशवीतून काढला, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि परत ठेवला.”

पहिल्यात सहानुभूती भरपूर आहे, आणि ती सगळी ‘बिचारा’मध्ये साठली आहे. हा फारसी शब्द, मूळचा ‘बेचारा’, ज्याच्यापुढे उपाय नाही तो. ‘बिचारा’ म्हणणारा नेहमी बाहेर उभा असतो, स्वतःला कोणी बिचारा म्हणत नाही. ‘पडे, राही’ हा रीतिभूतकाळही लांबून पाहणारा. दुसऱ्या उताऱ्यात भावनेचं नावसुद्धा नाही. ‘त्याला वाटलं’ हे शब्द गाळले, तेवढ्याने लेखक दिगंबरच्या शेजारून उठून आत गेला. दिगंबर बायकोशी खोटं बोलतोय हे मात्र तसंच राहिलं. आणि ‘आज लवकर कसे?’ विचारणाऱ्या बायकोच्या आतही लेखकाला जावं लागेल, नाहीतर समानुभूतीची वकिली होते.

आता ‘सहेतुक’. इथे मी वाचकाच्या नव्हे, मित्राच्या बाजूने आहे, जरी त्याने हा शब्द धरला नाही. काव्यशास्त्रात ‘हेतू’ म्हणजे कारण : प्रतिभा, व्युत्पत्ती (इथे शब्दाचं मूळ नव्हे, बहुश्रुतता), अभ्यास, ज्यांच्यामुळे काव्य निपजतं ते. कशासाठी लिहायचं ते ‘प्रयोजन’. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अशी सहा प्रयोजनं सांगितली, त्यांत यश आणि पैसा आहेत, अमंगळाचा नाश आहे आणि प्रिय व्यक्तीने समजवावं तसा उपदेशही आहे. मराठीत हेतू उद्देशाच्या अर्थाने स्थिरावला, पण संशय घेऊन. ‘त्यात त्याचा हेतू होता’ म्हटलं की कान टवकारतात. ‘हेतुपुरस्सर’ सहसा टाळलेलं नाहीतर डावललेलं असतं. उलट ‘निर्हेतुक’ ही स्तुती. दिगंबरने पुढच्या परिच्छेदात बाकावर बसून बेकारीवर भाषण ठोकलं तर ती कथा खुशाल सहेतुक म्हणावी.

तेव्हा तुमचं वाक्य समीक्षालेखात ‘गंभीर प्रयोजन असलेली, समानुभूतीने लिहिलेली कथा’ असं करता येईल. मित्राला सांगायचं असेल तर मी म्हणेन, ‘माणसांच्या आत शिरून लिहिलीय.’