पोरगा म्हणतो मोबाईलवर किडे बघतो, हा अभ्यास की टाईमपास?

माझ्याकडं पालकांचा हा प्रश्न आता इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा नीटच लिहून टाकावं. मुलगा नाहीतर मुलगी सांगते की मी गेम नाही खेळत, झाडं बघतोय, पक्षी बघतोय, सायन्सचंच आहे. आणि आईबापाला कळत नाही की खूश व्हायचं की फोन हिसकायचा.

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड भागातल्या एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशी, घरात स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांचा. आई पोराला घेऊन आली, पोरगा सातवीत. तिचं म्हणणं, "मॅडम, पोट्टा वावरातून आला का मोबाईल घेऊन बसते. रागावलं तं म्हणते अळ्या पाहू राहिलो. आता अळ्या का पाहाची गोष्ट आहे का जी? घरी अळ्या कमी आहेत का?"

मी पोरालाच म्हटलं, काल काय काय बघितलं ते मला दाखव. (हिस्टरी पोरानंच दाखवायची, आपण फोन हिसकून तपासायचा नाही, तो चोर ठरला की पुढं काही बोलत नाही.) पहिले दोन-तीन व्हिडिओ खरंच संत्र्यावरच्या अळीचे, मग फुलपाखराचे, मग नाग-मुंगसाची लढाई, मग ट्रॅक्टर गिळणारा अजगर, मग पाच फण्यांचा नाग, जो सरळ सरळ कॉम्प्युटरवर बनवलेला. म्हणजे प्रश्न पोराचाच होता, पण पहिलं उत्तर मिळाल्यावर पुढचं सगळं ऑटोप्लेनं खाऊ घातलं. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक मुलांचं असंच असतं, म्हणून आई पण खरी आणि पोरगा पण खरा.

मग विचारलं, ती अळी दिसते कशी? तर गडी सुरूच झाला. लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी दिसते म्हणून पाखरं खात नाहीत, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. मी म्हटलं, व्हिडिओत वास येतो का रे? "नाही मॅडम, मी काडीनं टोचून पाहिली नं!" मी त्याच्यासाठी तिथंच निर्धास्त झाले. पोरगं फोनवर किती तास बसतं त्यापेक्षा फोन ठेवल्यावर ते कुठं जातं हे मी आधी बघते. हा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाणारा निघाला.

खरं भांडण तर पुढं निघालं. ती अळी संत्र्याची नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, खाते, वडिलांनी नवीन कलमं लावलेली, त्यांनी फवारणीचा पंप काढला, आणि पोरानं अळ्या कंपासपेटीत लपवल्या. वडिलांना मी दोष देत नाही, २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हापासून आपल्याकडच्या कास्तकाराला अळी दिसली की फवारणीच सुचते. पण घरात तक्रार मोबाईलची चालली होती आणि दुखणं होतं कंपासपेटीत.

वडिलांना पुढच्या वेळी बोलावलं. म्हटलं भाऊ, पोराला एक काम द्या. ही अळी रोपवाटिकेत आणि लहान कलमांवर जास्त नुकसान करते, तिथं ती हातानं वेचूनही काढतात, मग तुमचा वेचणारा घरातच आहे. रोज शाळेआधी कलमं बघायची, अळ्या वेचायच्या, त्यातल्या दोनच त्याच्या, त्या अंगणातल्या गोडनिंबावर (कढीपत्त्यावर) सोडायच्या, कारण ही अळी गोडनिंब आणि बेलाचा पाला पण खाते. वडील हसले, म्हणाले, "फुकटचा मजूर भेटला." चाललं.

फोनचं असं ठरवलं. प्रश्न आधी वहीत लिहायचा, मगच फोन मागायचा. ऑटोप्ले बंद. फोन ओसरीत बसून बघायचा, खोलीत नाही. आणि उत्तर मिळालं की आईला सांगायचं, आईनं फक्त "मंग?" एवढं विचारायचं. सातवी शिकलेल्या आईला ते सहज जमतं, तिला लॅटिन नावं कशाला यायला पाहिजेत.

फोनमध्ये 'सीक' नावाचं ॲप टाकून दिलं. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि वावरात रेंज नसली तरी कॅमेरा समोर धरला की ओळखायचा प्रयत्न करतं. मला त्यातलं आवडतं ते असं की खात्री नसेल तर ते उगाच नाव ठोकत नाही, कीटक आहे, फुलपाखरं-पतंगांच्या गणातला आहे, अमुक कुळातला आहे, तिथंच थांबतं. सातवीच्या पुस्तकातलं वर्गीकरण ज्यांना घशाखाली उतरत नाही त्यांना ते असं कळून जातं. त्याचंच मोठं भावंड म्हणजे 'आयनॅचरलिस्ट', २००८ पासून आहे, तिथं टाकलेले फोटो जगभरातले जाणकार तपासतात, पण तिथं खातं लागतं, तेरा वर्षांखालच्यांना पालकांची परवानगी लागते आणि फोटोसोबत जागा पण जाते, म्हणून ते आईबापानं आपल्या नावानं चालवावं आणि घराची जागा झाकून ठेवावी.

दोन गोष्टींवर मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही. ॲपनं सांगितलं म्हणून कुठलं पान, फळ, बी तोंडात घालायचं नाही, धोतरा नि गुंज आपल्याकडं कुठंही उगवतात आणि दोन्ही विषारी. रानभाजी आजीनं ओळखली तरच ताटात. आणि सापाचा फोटो काढायला जवळ जायचंच नाही, घोणस असो की धामण, मागं सरायचं नि मोठ्या माणसाला हाक मारायची. हो, केसाळ सुरवंट पण हातात नाही, अंगाला खाज सुटते.

आता त्या दोन अळ्यांचं. पोराला वाटत होतं राणी पाकोळी निघणार, म्हणजे २०१५ ला जे आपलं राज्य फुलपाखरू झालं ते, कारण तिच्या अळ्या पण लिंबाच्याच कुळावर वाढतात. पहिल्या कोषातून निघालं साधं काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं लिंबावरचं फुलपाखरू. चालेल म्हणे. दुसरा कोष मात्र काळपट पडला, त्याला बारीक भोक पडलं आणि आतून टाचणीच्या डोक्याएवढे किडे बाहेर आले, कितीतरी. पोरगा रडला. आईचा फोन आला, आता काय सांगू त्याला?

मला सांगायची वेळच आली नाही. वडिलांनी कोष हातात घेतला नि म्हणाले, "हे तं मित्रकीटक आहे बाप्पा, आपण कपाशीत ट्रायकोकार्ड लावतो नं, तसंच." (ट्रायकोकार्ड म्हणजे पिकावरच्या किडी संपवणारे बारीक मित्रकीटक ज्यातून निघतात ते कार्ड.) रात्री दोघं ओसरीत फोन घेऊन बसले आणि पोरानं बापाला दुरुस्त केलं, ट्रायकोकार्डवाला अळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, हा कोषात घालते, पण दोघं एकाच मोठ्या गोतावळ्यातले. आईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज थोडा तक्रारीचाच होता, कारण आता दोघंही जेवायला उठत नव्हते.

वडिलांनी त्या वर्षी मोठ्या झाडांवर या अळीसाठी फवारणी केली नाही. बाकी किडींसाठी केली, ती गरज होती त्यांची. पोराचं ऑटोप्ले मधे एकदा परत चालू झालेलं सापडलं, ते बंद केलं. आणि परवा आईचा मेसेज आला की आता तो रात्री टॉर्च घेऊन धुऱ्यावरचा तरोटा (टाकळा) बघायला जायचं म्हणतो, आजीनं सांगितलं त्याची पानं रात्री मिटतात म्हणून, पाठवू का? म्हटलं पाठवा, पण पायात बूट नि सोबत बाप पाहिजे.