गेम मालिकेतला एक भाग फसला, तर चाहते एवढं मनाला का लावून घेतात?

तुमचा प्रश्न असा की नावाजलेल्या गेम मालिकेतला एखादा भाग फसला तर लोक एवढे का पेटतात; आवडला नाही तर बाजूला ठेवावा, जुने भाग आहेतच की. मी बेळगावचा. ज्या मालिकेपायी माझा जीव सगळ्यात जास्त जळला, त्या जीटीएवरूनच (ग्रँड थेफ्ट ऑटो) सांगतो.

गेम नुसता वाईट असला तर कुणी चिडत नाही. वाईट गेम रोज निघतात. हे नाव ज्यांच्या हातात आहे त्यांनी तो गेम आपल्याइतकाही नीट बघितलेला नाही, हे कळलं की मग डोकं फिरतं.

आमच्याकडं या मालिकेतले वाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे भाग पोचले ते नेट कॅफेतून. खुर्चीत एक खेळणारा आणि त्याच्या मागं उभे चौघंपाचजण. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, कुणाच्या कोकणी. गेममधलं भरभर इंग्रजी मात्र कुणालाच धड कळायचं नाही. म्हणून आम्ही ऐकण्यापेक्षा बघायचो जास्त. मिशन काय आहे ते नकाशावरच्या ठिपक्यावरून ताडायचं, आणि रस्ते, पूल, दुकानांच्या पाट्या खुणेनं पाठ करायच्या. "नट दिसला, आता हळू घे," असं मागून कुणीतरी ओरडायचं.

तो नट म्हणजे सॅन अँड्रियासमधल्या 'टफ नट डोनट्स' या दुकानाच्या डोक्यावर बसवलेला भलामोठा नट, बोल्टला लागतो तसला, सहा पैलूंचा. ११ नोव्हेंबर २०२१ ला रॉकस्टारनं, म्हणजे जीटीए बनवणाऱ्या कंपनीनं, जीटीए ३, वाइस सिटी आणि सॅन अँड्रियास नव्या रूपात एकत्र करून 'डेफिनिटिव्ह एडिशन' काढली, त्यात हा नट चक्क गोल झाला. सगळ्या कडा गुळगुळीत करायच्या नादात त्याचे पैलूच गेले. आमच्या घोळक्यातल्या कितीतरी पोरांचे वडील, काका उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत मशीनवर कामाला. नटाला पैलू नसले तर पाना बसणार कुठं, हे त्या घरांतल्या शाळकरी पोरालाही कळतं. नवी आवृत्ती करायचं काम ज्या स्टुडिओकडं दिलं होतं तिथून, पुढं रॉकस्टारकडून, किती नजरांखालून हा गेम गेला असेल! एकालाही तो नट खटकला नाही. जुनी चित्रं सॉफ्टवेअरकडून मोठी करून घेतल्यामुळं पाट्यांवरची स्पेलिंगंही बिघडली होती, तीही तशीच दुकानात आली.

धुक्याची गोष्ट तर मला त्याहून जिव्हारी लागली. मूळ सॅन अँड्रियास २००४ चा, प्लेस्टेशन २ वरचा. त्या यंत्राची मेमरी जेमतेम ३२ एमबी, त्यामुळं लांबचं काही दाखवणं झेपायचं नाही आणि ते धुक्यात झाकलेलं असायचं. आली ती अडचण म्हणून, पण गेममधलं सगळं राज्य तिनं मोठं केलं. पावसाळ्यात येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहा. धुकं असलं की पायथ्याचं गावसुद्धा मुलखावेगळं लांब वाटतं, आणि ऊन पडलं की हाकेच्या अंतरावर येतं. नव्या आवृत्तीत धुकं काढून टाकलं. विमान जरा वर नेलं की त्या राज्यातली तिन्ही शहरं एकाच पडद्यावर, एकमेकांना चिकटलेली. ज्या वाटेनं आम्ही रात्रीअपरात्री हेडलाइटच्या उजेडात जीव मुठीत धरून गाडी नेली, ती एवढीशी होती हे बघून घशात काहीतरी अडकतं.

आता तुमचं "जुने भाग आहेतच की". नव्हते ना! ही आवृत्ती यायच्या महिनाभर आधीच मूळ तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून विक्रीला बंद केले होते. नवं बिघडवलं आणि जुनं उचलून नेलं. पायरेटेड सीडीवर वाढलेला एखादा पोरगा नोकरीला लागल्यावर हौसेनं मूळ गेम विकत घ्यायला गेला असता, तर त्याला तो मिळाला नसता.

फुटबॉलचे गेम खेळणाऱ्यांचं त्याच वर्षी हेच झालं. कोनामी कंपनीनं 'पेस' (प्रो इव्होल्यूशन सॉकर) हे नावच काढून 'ईफुटबॉल २०२२' फुकट दिला, पण घरात दोघांनी बसून खेळायला सुरुवातीला अवघे नऊ क्लब, आणि मास्टर लीग, म्हणजे एक संघ घेऊन हंगाम खेळत राहायचा प्रकार, गायब. ज्यानं पडेल संघ घेऊन हंगामामागून हंगाम काढले, त्याला फुकट मिळाल्याचा काय आनंद? आमच्या बेळगावच्या कॅम्प भागातली फुटबॉलवेडी पोरं तेव्हापासून जुन्या पेसवरच आहेत.

बाजूला ठेवा म्हणणं सोपं आहे. पण सॅन अँड्रियास दुसरं कुणी बनवू शकत नाही, हक्क एकाच कंपनीकडं आहेत. तिथं ग्राहकाच्या हातात आरडाओरड करणं तेवढं उरतं, आणि मी ती योग्यच मानतो. २०२१ मध्ये लोक ओरडले तेव्हा रॉकस्टारनं आठवड्याभरानं माफी मागितली आणि मूळ गेम स्वतःच्या दुकानात पीसीसाठी परत आणले. आकाशाचा जुना रंग परत आणणारं 'क्लासिक लाइटिंग' डिसेंबर २०२३ मध्ये मोबाइलवर आलं, पीसी आणि कन्सोलवर नोव्हेंबर २०२४ मध्ये. म्हणजे तीन वर्षं. या आवृत्तीचे ६० डॉलर मात्र पहिल्या दिवसापासून पुरते घेतले होते.