पिझ्झा ओव्हनच्या शेजारी फायरप्लेस बांधायची आहे. ओव्हनचीच चिमणी वापरली तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुळशीकडच्या फार्महाऊसवर मागच्या अंगणात लाकडावरचा घुमटाचा पिझ्झा ओव्हन आहे. आता त्याला खेटून, थंडीत समोर बसता येईल अशी फायरप्लेस हवी आहे. तिचा धूर ओव्हनच्याच चिमणीत सोडला तर खर्च वाचेल का? आणि गवंडी म्हणतो तसं साध्या विटा-सिमेंटमध्ये काम होईल का?

दोन्हींचं उत्तर नाही. मी पौड-मुळशी भागात घरांची आणि फार्महाऊसची बांधकामं करतो, आणि हे दोन्ही सल्ले मला जवळपास प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतात.

लाकूड दोन्हीकडे जळतं, पण दोघांचा स्वभाव अगदी उलटा आहे. ओव्हन कंजूष. घुमटाच्या विटा चार-पाचशे अंशांपर्यंत तापवायच्या, वर सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारी तंतूंची रजई) नि व्हर्मिक्युलाइट या हलक्या, फुगवलेल्या खनिजाचा थर द्यायचा आणि उष्णता आतच कोंडायची. त्याचं तोंडही लहान, उंचीला घुमटाच्या साधारण ६३ टक्के. हवा तोंडाच्या खालच्या बाजूने आत जाते, धूर वरच्या बाजूने त्याच तोंडातून बाहेर येतो आणि पुढच्या चिमणीत शिरतो. फायरप्लेस उधळी. तिचं तोंड मोठं आणि काम एकच, समोरच्या माणसाला ऊब देणं. तिच्या तोंडातून भरपूर हवा आत ओढली जाते आणि ती सगळी धुरासकट वर जावी लागते.

आता जरा आकडेमोड. फायरप्लेसचं तोंड ३६ इंच रुंद आणि ३२ इंच उंच धरू, म्हणजे ११५२ चौरस इंच. चौकोनी धुराड्याची, म्हणजे चिमणीतल्या धुराच्या वाटेची, आतली जागा तोंडाच्या एक दशांश असावी असा ढोबळ नियम आहे. पण तो घरातल्या उंच चिमणीसाठी. अंगणातली चिमणी बुटकी असते, तिची ओढ कमी, म्हणून मी एक अष्टमांश धरतो. ते झाले १४४ चौरस इंच, म्हणजे आतून १२ बाय १२ चं धुराडं. तुमच्या ओव्हनचा पाइप बहुतेक आठ इंची गोल असेल, त्याचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम ५०. एवढ्या पाइपात फायरप्लेस सोडलीत तर धूर तुमच्याच डोळ्यांत येणार.

पाइप बदलून मोठा घातला तरी प्रश्न सुटत नाही. एकच धुराडं असेल तर एक आग पेटलेली असताना दुसरं तोंड उघडंच राहतं. चिमणी तिथून गार हवा ओढत बसते, धुराची ओढ मरते, आणि कधी कधी फायरप्लेसचा धूर ओव्हनच्या तोंडातून बाहेर यायला लागतो. म्हणून दोन आगींना दोन धुराडी. बाहेरून एकच जाडजूड चिमणी दिसायला हवी असेल तर खुशाल तशी बांधा, आत दोन धुराड्यांच्या मध्ये साडेचार इंची विटेची भिंत घाला आणि वरती एकाचं तोंड दुसऱ्यापेक्षा फूटभर उंच ठेवा. दोन्ही तोंडं एका पातळीत असली की एकातून निघालेला धूर दुसऱ्यातून खाली उतरतो. ओव्हनचा पाइप स्टीलचा असेल तर त्याच्याभोवती विटकाम करताना दीड-दोन इंच मोकळे सोडा. स्टील तापून वाढतं आणि चिकटून बांधलेलं विटकाम तडकवतं.

उंचीत काटकसर नको. आगीच्या तळापासून वरपर्यंत किमान दहा फूट हवेत. दहा फुटांच्या आत पडवीचं छप्पर किंवा मांडव असेल तर त्या भागापेक्षा चिमणी दोन फूट वर गेली पाहिजे. वर आंब्याची फांदी असेल तर ती आधी छाटा.

खरी गोम मात्र चिमणीच्या खाली, घशात आहे. आपल्याकडचे गवंडी चूल उत्तम जाणतात, पण फायरप्लेस म्हटली की सरळ खोकं उठवतात आणि वर मधोमध भोक ठेवतात. ती धुरावणारच. समोरच्या लिंटेलपासून (तोंडावरच्या आडव्या आधारापासून) साधारण आठ इंच वर घसा (धूर वर जायची अरुंद फट) हवा: पुढून मागे चार ते पाच इंच आणि आगपेटीच्या, म्हणजे आग पेटते त्या कप्प्याच्या, पूर्ण रुंदीचा. त्याच्या वर धूरकक्ष दोन्ही बाजूंनी निमुळता होत धुराड्याला मिळतो. त्याचा उतार उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त कलता नको, आणि आतून विटांच्या पायऱ्या तशाच न सोडता फायर क्लेचा (उष्णता सोसणाऱ्या मातीचा) गिलावा करून गुळगुळीत करायचा. धूर प्रत्येक पायरीला अडखळतो.

आगपेटीचा आकार मी काउंट रमफर्डच्या पद्धतीने ठेवतो. या शास्त्रज्ञाने १७९६ साली फायरप्लेसवर निबंध लिहिला होता. उथळ आगपेटी, उंच तोंड आणि तिरक्या बाजू, म्हणजे उष्णता वर न जाता समोर फेकली जाते. त्याच्या हिशेबाने ३६ इंच तोंडाला मागची भिंत एक तृतीयांश, म्हणजे १२ इंच, आणि खोलीही तेवढीच, की बाजू बरोबर ४५ अंशांत येतात. पण १२ इंच खोलीत आपल्या वखारीतले वाकडेतिकडे ओंडके पुढे घरंगळतात. म्हणून मी मागची भिंत आणि खोली दोन्ही १५ इंच धरतो. ऊब किंचित कमी, पण पायावर निखारा पडत नाही.

सांधे भरण्याआधी एक गोष्ट कराच. आगपेटीच्या विटा कोरड्याच रचा, घसाही विटांनीच करा, वर पत्र्याचा चौकोनी डबा किंवा जुन्या पिंपाचे तुकडे जोडून पाच-सहा फुटांची तात्पुरती चिमणी उभी करा आणि संध्याकाळी, वारा जसा रोज असतो तसा असताना, पेपर नि काटक्या पेटवा. समोर उकिडवं बसून लिंटेलच्या खाली पेटलेली अगरबत्ती धरा, डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू न्या. धुराची रेघ आत वळली तर ठीक. एखाद्या कोपऱ्यात ती थबकून बाहेर आली, तर तळाला विटेचा एक थर वाढवून तोंड लहान करा किंवा लिंटेल खाली घ्या, आणि परत बघा. तासाभराचं काम आहे. गवंडी हसेल, हसू द्या.

आता विटा. आगपेटीला फायर ब्रिकच (भट्टीत वापरतात ती उष्णता सोसणारी वीट) हवी, ९ बाय साडेचार बाय ३ इंची. भोसरी-चाकण पट्ट्यात भट्ट्यांचा माल ठेवणारे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे मागा. वर सांगितलेल्या मापाला कापण्यातली नासधूस धरून शंभरेक विटा लागतात, म्हणजे फार मोठा खर्च नाही. सांधा दोन-तीन मिलिमीटरचा, फायर क्लेचा किंवा तयार रिफ्रॅक्टरी मॉर्टरचा (उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचा). साधं सिमेंट आगीच्या तोंडाशी टिकत नाही: त्यातलं चुन्याचं संयुग साधारण साडेचारशे अंशांच्या आसपास मोडतं, पुढे पावसाळ्याची ओल शोषून तेच फुगतं आणि सांधा भुगा होऊन गळतो. बाहेरच्या कवचाला मात्र साध्या भाजक्या विटा आणि सिमेंट चालतं, तिथे गवंड्याचं बरोबर आहे. आतल्या आणि बाहेरच्या विटांमध्ये इंचभर फट ठेवून ब्लँकेटची पट्टी घाला. लिंटेलचा लोखंडी अँगल दोन्ही टोकांना थोडा सैल बसवा, कचकचून बांधू नका.

काळ्या दगडाची हौस असेल तर ती बाहेरून भागवा. आगपेटीत दगड नको, आणि नदीतले गोटे तर मुळीच नकोत. त्यांच्या पोटात पाणी असतं, तापलं की वाफ होऊन ते तडकतात आणि कपचे उडतात.

ओव्हनला ही फायरप्लेस चिकटवून बांधू नका. ओव्हनचा पाया खचायचा तेवढा खचून बसला आहे, नवा अजून बसायचा आहे, आणि असलं बांधकाम चिमणीसकट तीन-चार टनांना सहज जातं. दोघांत १२ ते १५ मिलिमीटरचा उभा सांधा ठेवा, त्यात सिरॅमिक दोरी भरा आणि बाहेरून लवचीक सीलंट मारा. अंगण पूर्वीचं भातखाचर असेल तर ती माती उपसून मुरूम लागेपर्यंत खाली जा, वर सोलिंग (दगडांचा थर) आणि सळई घातलेला सहा इंच जाडीचा स्लॅब. खेटून दिसायला हवं असेल तर वरून एकाच दगडाची फरशी दोन्हींवर पुढे काढा, फक्त त्या सांध्यावर तीही कापा.

जागेचा एक मुद्दा कोणी विचारत नाही. पिझ्झा आत सरकवायच्या फावड्याचा दांडा चार-पाच फुटांचा असतो. ओव्हनचं तोंड आणि फायरप्लेसचं तोंड एकाच रेषेत असलं तर पिझ्झा काढणारा मागे सरकतो आणि दांडा खुर्चीत बसलेल्या काकांच्या कानाला लागतो. काटकोनात बांधा. ओव्हनचा तळ कमरेच्या वर, ४० ते ४२ इंचांवर, फायरप्लेसचा तळ बसायच्या उंचीला, १५ इंचांच्या आसपास. मधल्या कोपऱ्यात लाकडांचा कोनाडा आपोआप मिळतो. शेजारी असण्याचा आणखी फायदा म्हणजे फायरप्लेसचे लाल निखारे लोखंडी फावड्याने ओव्हनमध्ये टाकता येतात. ओव्हन परत पेटवायला तेवढे पुरतात.

तुमच्याकडचा पाऊस माहीत आहेच. चिमणीवर दगडी किंवा स्टीलची टोपी, धुराड्याच्या तोंडापासून आठ-दहा इंच उचललेली आणि चारी बाजूंनी उघडी. आगपेटीच्या तळाला बाहेरच्या बाजूने किंचित उतार. पावसाळ्याचे चार महिने दोन्ही तोंडांना पत्र्याची झाकणं लावा. भिजलेली फायर ब्रिक एकदम तापवली की तडे जातात, म्हणून पावसाळ्यानंतरची पहिली आग मुठीएवढी काटक्यांची, दुसऱ्या दिवशी थोडी मोठी. नव्या बांधकामालाही हाच क्रम, पण त्याआधी तीन-चार आठवडे नुसतं सावलीत वाळू द्या. दिवाळीला उद्घाटन करायचं असेल तर काम दसऱ्याला नाही, मेमध्ये संपवा.

जळणाला बाभूळ उत्तम, आंबाही चालतो. फोडून, छपराखाली निदान सहा महिने वाळलेलं असू दे. प्लायवुड, रंगवलेल्या चौकटी आणि रेल्वेचे जुने स्लीपर जाळू नका, ओव्हनमध्ये तर नाहीच, कारण त्यातली रसायनं थेट खाण्यात जातात.

तुमच्या ओव्हनच्या पाइपचं माप, त्याचा स्लॅब किती जाड आहे आणि सर्वांत जवळचं छप्पर किती फुटांवर आहे, एवढं कमेंटमध्ये टाका. धुराड्याची उंची काढून देतो.