सोलापुरात बारावी सायन्सला आहे (मुलगी). अंतराळवीर व्हायचं तर कुठून सुरुवात करू?

भारतातून सध्या खात्रीची वाट एकच, हवाई दलातली वैमानिक होणं, आणि त्यासाठी फिजिक्सबरोबर मॅथ्स हवंच. नुसता बायोलॉजी ग्रुप घेतला असशील तर फ्लाइंग ब्रँचचं दार बंद.

गगनयानसाठी, म्हणजे भारताच्या स्वतःच्या यानातून माणसं अंतराळात पाठवायच्या मोहिमेसाठी, निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट (नवी विमानं उडवून तपासणारे) आहेत. त्यांची वैद्यकीय चाळणी बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये झाली. 2020-21 मध्ये ते रशियातल्या गागारिन अंतराळवीर प्रशिक्षण केंद्रात होते. तिथे परतीचंही शिकवतात: यान भलतीकडेच उतरलं तर मदत येईपर्यंत बर्फात, पाण्यात तग कसा धरायचा. सोलापूरचा मे सोसलेल्यालाही ते बर्फ जड जाईल! बाकी सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून शरीरावर भार आणणारं यंत्र), सिम्युलेटर आणि चक्क रशियन भाषा.

तुझ्यासाठी आत्ताचं पाऊल म्हणजे एनडीए, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, 2022 पासून मुलींच्या तुकड्याही खडकवासल्यात आहेत. गगनयानच्या चौघांतले शुभांशू शुक्लाही एनडीएचेच. हुकलं तर पदवीनंतर एएफसीएटी, हवाई दलाची प्रवेश परीक्षा. दोन्हीकडे डोळ्यांचे निकष कडक, म्हणून क्लासची फी भरण्याआधी डोळे तपासून घे.

एक मात्र लक्षात ठेव. नासा डॉक्टर, भूगर्भशास्त्रज्ञ, इंजिनिअर यांनाही घेते, पण अर्जदार अमेरिकेचा नागरिक लागतो. 2021 मध्ये तिथे 12 हजारांवर अर्जांतून 10 जण निवडले गेले.